‘असायलम’ : वेड्यांचे इस्पितळ आणि परदेशातील आश्रय या दोहोंना इंग्रजीत एकच शब्द कसा?

बखरवाचक (धागाकर्ता)

नमस्कार. पुणे शहराविषयीच्या एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी मजकुराचे मी सध्या मराठी भाषांतर करीत आहे. ते छापण्यासाठी नसून आमच्या अभ्यासमंडळात दरमहा वाचण्यासाठी आहे. तरीही एका शब्दापाशी माझे काम तीन आठवडे अडले आहे आणि तो शब्द चुकवून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळाशी निगडित असलेली आणि डेव्हिड ससून यांचे नाव लावणारी एक जुनी संस्था आहे. मराठीत तिला ‘अनाथ पंगू गृह’ म्हणतात, इंग्रजी कागदांत मात्र तिचे नाव ‘इन्फर्म असायलम’ असे येते. मनोरुग्णांच्या संस्थेला तेच कागद ‘लुनॅटिक असायलम’ म्हणतात. मुंबईत माटुंग्याला म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये निघालेल्या कुष्ठरुग्णांच्या संस्थेच्या नावातही ‘लेपर असायलम’ आहे. इथपर्यंत ‘आश्रम’ किंवा ‘गृह’ लावून मी निभावून नेले असते. परंतु रोजचे वर्तमानपत्र उघडले की तोच शब्द जिवाच्या भीतीने देश सोडून आलेल्या आणि परक्या देशाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसासंबंधी वापरलेला दिसतो.

या शब्दाचा अर्थ मी आईला विचारला, तेव्हा तिने क्षणभरही न थांबता ‘वेड्यांचे इस्पितळ’ असे सांगितले. मुलीला विचारला, तेव्हा तिने तितक्याच सहजपणे ‘दुसऱ्या देशात आसरा मागणे’ असे उत्तर दिले. दोघींची उत्तरे बरोबर आहेत, पण एका पिढीला ठाऊक असलेला अर्थ दुसरीच्या मनातही येत नाही. मूळ अर्थ कोणता, तो असा दुभंगला कसा आणि मराठीत कोणत्या ठिकाणी कोणता शब्द योजावा, याविषयी जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

धातुरूप

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर शब्दाच्या पहिल्याच अक्षरात आहे. ‘असायलम’ हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला आणि लॅटिनने तो ग्रीकमधून घेतला. ग्रीक रूप ‘आसिलॉन’. त्यातील आरंभीचा ‘अ’ नकारार्थी आहे. संस्कृतातील ‘अभय’, ‘अमर’, ‘अवध्य’ या शब्दांत जो ‘अ’ आहे, त्याचाच हा सख्खा भाऊ. दोन्ही एकाच प्राचीन मूळ भाषेतून आलेले आहेत. उरलेला भाग ‘सिलॉन’ म्हणजे जप्ती, पकडून नेण्याचा हक्क. म्हणून ‘आसिलॉन’ म्हणजे जेथून कोणाला किंवा कशाला ओढून नेता येत नाही असे स्थान. संस्कृतात घटकाला घटक जोडून हा शब्द घडवायचा तर ‘अहार्य’ असा होईल, म्हणजे हरण करता न येणारे.

हा जप्तीचा हक्क काय होता, ते समजल्याशिवाय शब्दाचे बळ कळत नाही. प्राचीन ग्रीसमध्ये प्रत्येक नगर स्वतंत्र होते आणि आपल्या नगराच्या वेशीबाहेर पडलेल्या माणसाला कायद्याचे संरक्षण फारसे नसे. एका नगरातील कोणी दुसऱ्या नगरातील माणसाचे देणे बुडवले, तर तो धनको ऋणकोच्या नगरातील कोणाही माणसाचा माल, प्रसंगी त्या माणसालाही, अडवून ठेवू शकत असे. या रीतीपासून सूट देणे याला ‘आसिलिया’ म्हणत. ती नगरे ठराव करून व्यापाऱ्यांना, दूतांना, नाटकमंडळ्यांतील कलावंतांना देत असत आणि असे ठराव दगडांवर कोरलेले आजही उपलब्ध आहेत. म्हणजे या कल्पनेच्या मुळाशी परका माणूस आहे. रोग, दारिद्र्य, अनाथपण यांपैकी काहीच त्यात नाही.

देवळांना हे अहार्यत्व आपोआप असे. देवाच्या मूर्तीपाशी किंवा वेदीपाशी बसलेल्या माणसाला हात लावणे हे पाप होते. इसवीसनापूर्वी सातव्या शतकात अथेन्समध्ये सिलॉन नावाच्या एका सरदाराचे बंड फसले (जप्तीवाचक शब्दाशी या नावाचा संबंध नाही, उच्चार तेवढा जवळचा आहे). त्याच्या साथीदारांनी अथेनेच्या मूर्तीचा आश्रय घेतला. चौकशीसाठी खाली उतरताना त्यांनी मूर्तीला एक दोरा बांधून त्याचे टोक हाती धरले होते, म्हणजे देवीशी संबंध तुटणार नाही. तो दोरा वाटेत तुटला, अधिकाऱ्यांनी ‘देवीनेच यांना टाकले’ असे म्हणून त्यांना ठार मारले आणि त्या अधिकाऱ्यांच्या घराण्याला पुढे पिढ्यान्‌पिढ्या शापित मानले गेले. प्लुटार्कने ही कथा सांगितली आहे. दोरा खरोखर होता की नाही, हे बाजूला ठेवले तरी आश्रयाची हद्द कोठे संपते याविषयीचा वाद किती जुना आहे, हे तीवरून दिसते.

रोमच्या स्थापनेच्या कथेत रोम्युलस कॅपिटोलाइन टेकडीवर दोन राईंच्या मधल्या जागेत असायलम उघडतो आणि शेजारच्या मुलखातून पळून आलेल्या लोकांनी नवे नगर भरते. उलट इसवी सन २२ मध्ये, तिबेरियस सम्राटाच्या काळात, आशियातील ग्रीक नगरांनी हा हक्क बेसुमार वाढवल्याची तक्रार झाली. देवळे पळपुट्या गुलामांनी आणि कर्जबुडव्यांनी भरली आहेत, असे तिचे स्वरूप होते. तेव्हा रोमच्या सिनेटने प्रत्येक नगराला आपापल्या हक्काचा पुरावा मांडायला लावले.

पागोळी

धातुरूप, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. माझी एक शंका आहे. जेथून ओढून नेता येत नाही ते असायलम, असे मूळ असेल, तर वेड्यांच्या इस्पितळाला ते नाव देणे म्हणजे अर्थाचा विपर्यासच झाला. तेथे तर माणसाला घरातून ओढून नेत आणि दार बाहेरून लावत.

निवृत्त परिचारिका

पागोळी, तुमची शंका रास्त आहे. मी राज्यातील एका प्रादेशिक मनोरुग्णालयात एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि या शब्दाचा पाठपुरावा माझ्या कुवतीप्रमाणे केला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मनोरुग्णांसाठी जी खासगी घरे चालत, त्यांना सरळ ‘मॅडहाउस’ म्हणत. ती नफ्यासाठी चालवली जात आणि साखळदंड, फटके, उपासमार हा तेथील नित्यक्रम असे. लंडनच्या जुन्या बेथलेम रुग्णालयाच्या नावाचा अपभ्रंश ‘बेडलम’ हा इंग्रजीत आजही गोंधळाला पर्यायी शब्द आहे. त्याच शतकात दानशूर लोकांनी निरनिराळ्या निराधारांसाठी संस्था काढल्या आणि त्यांना ‘असायलम’ हे प्रतिष्ठित, ग्रीक-लॅटिन वळणाचे नाव दिले. लंडनच्या लॅम्बेथ भागात १७५८ मध्ये अनाथ मुलींसाठी निघालेली संस्था ‘असायलम’ म्हणूनच ओळखली जाई. जगाच्या माऱ्यापासून सुरक्षित जागा, असा तेथे अर्थ होता. मनोरुग्णांच्या संस्थेला हे नाव लावणाऱ्यांच्या मनातही तोच अर्थ होता. ‘मॅडहाउस’ या हिणकस शब्दाच्या जागी त्यांनी मायेचा शब्द आणला होता आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही.

परंतु हा शब्द फार लवकर नासू लागला. यॉर्क शहरात १७७७ मध्ये उघडलेल्या असायलममध्ये १७९० साली क्वेकर पंथाची एक स्त्री दाखल झाल्यावर काही आठवड्यांतच मरण पावली. तिच्या पंथबांधवांना तिला भेटूही दिले गेले नव्हते. त्यावरून विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने १७९६ मध्ये त्याच शहरात वेगळी संस्था सुरू केली. तिला त्याने मुद्दाम ‘असायलम’ म्हटले नाही, ‘रिट्रीट’ म्हटले. साखळदंडांऐवजी काम, बाग, संभाषण आणि सौजन्य यांवर त्या संस्थेचा भर होता. म्हणजे ज्या वेळी हा शब्द कायद्यात शिरणार होता, त्याच्या आधीच एका शहरात तो नकोसा झालेला होता.

पुढे १८०८ च्या कायद्याने इंग्लंडमधील परगण्यांना सार्वजनिक असायलम बांधण्याची मुभा मिळाली आणि १८४५ मध्ये ते बांधणे बंधनकारक झाले. इमारती वाढत गेल्या, रुग्ण त्यांहून वेगाने वाढले आणि बरे होऊन घरी जाण्याचे प्रमाण घटत गेले. १९५० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंड आणि वेल्समधील अशा संस्थांत सुमारे दीड लाख माणसे राहत होती. तोवर नाव बदलले होते, कारण १९३० च्या कायद्याने ‘असायलम’ काढून ‘मेंटल हॉस्पिटल’ हा शब्द आणला होता.

आपल्याकडे १८५८ चा कायदा ‘लुनॅटिक असायलम्स’ या नावाचाच होता. त्यानंतर १९१२ चा लुनसी ॲक्ट आला. संस्थांच्या पाट्यांवरील ‘असायलम’ १९२० च्या दशकात पुसले गेले, पण कायद्यातील ‘लुनॅटिक’ हा शब्द १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा होईपर्यंत तसाच राहिला. आज २०१७ चा कायदा लागू आहे.

महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ‘याला आता येरवड्याला पाठवायला हवे’ किंवा ‘ठाण्याला जागा बघा’ ही वाक्ये आपण सर्वांनी हसण्याच्या स्वरात ऐकली आहेत. ज्यांची माणसे तेथे होती, त्यांच्या समोरही ती बोलली जात आणि ते ऐकताना मला फार यातना होत. संस्थेचे नाव कितीही वेळा बदला, लोक गावाच्या नावालाच तो अर्थ चिकटवतात. म्हणून भाषांतर करताना मूळ कागदात ‘लुनॅटिक असायलम’ असेल तेथे काळाला धरून ‘वेड्यांचे इस्पितळ’ लिहावे, परंतु आजच्या संस्थेविषयी लिहिताना ‘मनोरुग्णालय’ हाच शब्द वापरावा, अशी माझी बखरवाचक यांना विनंती आहे.

पागोळींच्या शंकेचे माझ्या दृष्टीने उत्तर असे आहे की विपर्यास नाव देताना झाला नाही, नाव दिल्यानंतरच्या व्यवहारात झाला. माझ्या नोकरीत मी असेही रुग्ण पाहिले, की ज्यांना घरी मारहाण होत असे, उपाशी ठेवले जात असे, आणि ज्यांना आमच्या वॉर्डात पहिल्यांदा शांत झोप लागली. त्या थोड्या माणसांपुरता तो जुना शब्द खरा होता.

कनेटिकटवासी

मी अमेरिकेतील हार्टफर्ड शहराजवळ राहतो. येथे ‘असायलम अव्हेन्यू’ आणि ‘असायलम स्ट्रीट’ असे दोन मोठे रस्ते आहेत आणि एका वस्तीचे नाव ‘असायलम हिल’ आहे. भारतातून आलेले आमचे नातेवाईक त्या पाट्या पाहून दचकतात, कारण येथे वेड्यांचे इस्पितळ असावे अशी त्यांची समजूत होते. प्रत्यक्षात हे नाव बहिऱ्या मुलांच्या शाळेवरून पडले आहे. थॉमस गॅलोडेट आणि फ्रान्सहून आलेले लोराँ क्लेर यांनी १८१७ मध्ये येथे जी शाळा सुरू केली, तिच्या मूळ नावात ‘असायलम’ हा शब्द होता. क्लेर स्वतः बहिरे होते आणि अमेरिकेतील खुणांची भाषा या शाळेतून आकाराला आली. शाळेने पुढे आपल्या नावातून ‘असायलम’ काढून ‘स्कूल’ घातले आणि १९२१ मध्ये ती वेस्ट हार्टफर्डला गेली. रस्त्यांची नावे मात्र तीच राहिली. लंडनमध्ये पेकहॅम भागातही ‘असायलम रोड’ आहे आणि तेथे मद्यविक्रीच्या व्यवसायातील वृद्धांसाठी १८२७ मध्ये सुरू झालेली निवासस्थाने होती.

माडाची सावली

गोव्यातील एक उदाहरण देते. म्हापशाच्या जुन्या सरकारी इस्पितळाला सगळा बार्देश ‘आझिलो’ म्हणतो आणि वर्तमानपत्रेही ‘आझिलो इस्पितळ’ असेच छापतात. लहानपणी मला ते कोणा माणसाचे नाव वाटत असे. पोर्तुगीज भाषेत ‘आझिलो’ म्हणजे निराधारांचे, विशेषतः वृद्धांचे आश्रयस्थान आणि हा शब्द तुमच्या ‘असायलम’चाच पोर्तुगीज अवतार आहे. आमच्या आजीच्या तोंडी ‘आझिलोंत व्हेलो’ याचा अर्थ औषधपाण्याला नेले इतकाच होता, त्यात वेडाची छटा कधीच नव्हती. राजकीय आश्रयालाही पोर्तुगीजमध्ये हाच शब्द लागतो.

साक्षीपुरावा

मी वकिली करतो आणि निर्वासितांच्या प्रकरणांत अधूनमधून कागदपत्रांची भाषांतरे तपासण्याचे काम माझ्याकडे येते. म्हणून आजच्या वापराविषयी लिहितो, कारण तेथे भाषांतराची चूक माणसाला महागात पडते.

प्रथम व्याकरण. इंग्रजीत संस्था या अर्थी ‘असायलम’ हे मोजता येणारे नाम आहे, त्यामुळे त्याच्या आधी उपपद लागते आणि त्याचे अनेकवचन होते. संरक्षण या अर्थी ते मोजता न येणारे नाम आहे आणि एरवी त्याला उपपद लागत नाही. ‘ही वॉज सेंट टू ॲन असायलम’ म्हणजे त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवले. ‘ही वॉज ग्रँटेड असायलम’ म्हणजे त्याला आश्रय मंजूर झाला. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून आपल्या नजरेतून तो चिमुकला ‘ॲन’ निसटतो. सोबतची क्रियापदेही ठरलेली आहेत. आश्रय मागणाऱ्यासाठी ‘सीक’, ‘क्लेम’, ‘अप्लाय फॉर’. देणाऱ्यासाठी ‘ग्रँट’, ‘ऑफर’. नाकारण्यासाठी ‘डिनाय’, ‘रिफ्यूज’. ‘असायलम’चे स्वतःचे क्रियापद वापरात नाही. ज्या छळापासून संरक्षण हवे तो ‘फ्रॉम’ने दाखवतात आणि ज्या देशात हवे तो ‘इन’ने. उच्चारात आघात दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे ‘सा’वर येतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या १४ व्या कलमात छळापासून असायलम ‘मागण्याचा आणि उपभोगण्याचा’ हक्क प्रत्येकाला दिला आहे. मसुद्यात आधी ‘मागण्याचा आणि मिळण्याचा’ असे शब्द होते. ब्रिटनच्या दुरुस्तीने ‘मिळण्याचा’ गेला आणि ‘उपभोगण्याचा’ आला. त्यामुळे मागणे हा माणसाचा हक्क राहिला, देणे मात्र राज्याच्या मर्जीवर राहिले. मराठी भाषांतरात येथे ‘आश्रय मिळण्याचा हक्क’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. ज्या शब्दावर राष्ट्रांनी वाद घातला, नेमका तोच शब्द त्या भाषांतराने परत आणला.

निर्वासितांविषयीचा १९५१ चा करार ‘रेफ्यूजी’ कोण याची व्याख्या करतो : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असल्याने जो स्वतःच्या देशाबाहेर आहे आणि त्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नाही किंवा त्या भीतीमुळे घेऊ इच्छित नाही, तो. असायलमची व्याख्या मात्र हा करार करीत नाही. त्याचे ३३ वे कलम एवढेच सांगते की जेथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तेथे अशा माणसाला परत लोटता येणार नाही. धातुरूप यांनी सांगितलेले ‘ओढून नेता न येणे’ आजच्या कायद्यात या कलमात जिवंत आहे, असे मला वाटते.

‘असायलम सीकर’ आणि ‘रेफ्यूजी’ यांतला फरकही येथेच नोंदवतो. ज्याने अर्ज केला आहे आणि ज्याचा निर्णय लागलेला नाही, तो ‘असायलम सीकर’. ज्याची भीती साधार ठरली, तो ‘रेफ्यूजी’. अमेरिकेत आणखी एक भेद आहे. १९८० च्या कायद्याप्रमाणे देशाबाहेरून मान्यता घेऊन येतो तो ‘रेफ्यूजी’ आणि अमेरिकेच्या भूमीवर किंवा सीमेवर पोहोचल्यानंतर जो अर्ज करतो व ज्याचा अर्ज मंजूर होतो, तो ‘असायली’. छळाची कसोटी दोघांना एकच लागते.

भारताने १९५१ च्या करारावर किंवा १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे आश्रयासंबंधी स्वतंत्र कायदा नाही. दलाई लामा ३१ मार्च १९५९ रोजी भारतात आले तेव्हा त्यांना आश्रय देण्याचा निर्णय सरकारचा होता. तिबेटी लोकांच्या वसाहती पुढे देशभर झाल्या आणि त्यांपैकी नोर्ग्येलिंग ही आपल्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ आहे. पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचलात राहिलेल्या चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की घटनेच्या २१ व्या कलमाचे संरक्षण परकीय माणसालाही आहे.

दूतावासातील आश्रय हा तिसरा प्रकार आहे. त्याचे सर्वांत विलक्षण उदाहरण पेरूचे नेते आया दे ला तोर्रे यांचे आहे. जानेवारी १९४९ मध्ये त्यांनी लिमा येथील कोलंबियाच्या दूतावासात आसरा घेतला. प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. न्यायालयाने आधी सांगितले की हा आश्रय नियमानुसार दिलेला नाही आणि पुढच्या निकालात सांगितले की तरीही कोलंबियाने त्यांना पेरूच्या स्वाधीन करण्याचे बंधन नाही. ते १९५४ पर्यंत त्याच इमारतीत राहिले.

पागोळी

मग ‘सँक्च्युअरी’ म्हणजे काय? इंग्लंडमधल्या चर्चमध्ये गुन्हेगार आसरा घेत, त्याला तर हाच शब्द आहे.

साक्षीपुरावा

होय. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चर्चच्या आश्रयाला आलेल्या माणसाला चाळीस दिवसांची मुदत असे. तेवढ्यात त्याने न्यायालयापुढे जायचे किंवा गुन्हा कबूल करून कायमचा देशत्याग करण्याची शपथ घ्यायची. ही रीत १६२४ मध्ये कायद्याने बंद झाली. ‘सँक्च्युअरी’त पावित्र्य मुख्य आहे, ‘असायलम’मध्ये राज्याने दिलेले संरक्षण, आणि ‘रेफ्यूज’ हा साध्या आसऱ्याचा, पावसात झाडाखाली थांबण्यापर्यंत कोठेही चालणारा शब्द आहे. १९८२ मध्ये ॲरिझोनातील टूसॉनच्या एका चर्चने मध्य अमेरिकेतून आलेल्या आणि सरकारने असायलम नाकारलेल्या लोकांना ‘सँक्च्युअरी’ जाहीर केली, तेव्हा हे दोन शब्द एकमेकांसमोर उभे राहिले होते. मराठीत ‘वाइल्डलाइफ सँक्च्युअरी’ला आपण ‘अभयारण्य’ म्हणतो, ही योजना मला फार समर्पक वाटते.

बखरवाचक

आपण सर्वांनी माझ्यासाठी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. आता मराठी शब्दाकडे वळतो. हिंदी वृत्तपत्रांत ‘शरण’ रूढ आहे आणि काही मराठी वृत्तपत्रे ‘राजाश्रय’ लिहितात. माझा कल ‘शरण’कडे होता, कारण ‘शरणार्थी’ हा शब्द आपल्याकडे आहेच.

धातुरूप

‘राजाश्रय’ मला मान्य नाही. गवयाला, पंडिताला, चित्रकाराला राजाने दिलेला पोटापाण्याचा आधार, हा त्याचा शतकानुशतकांचा अर्थ आहे. ‘शरण’ला संस्कृतात कसलाच दोष नाही, कारण तेथे ‘शरण’ म्हणजे रक्षण करणारा किंवा रक्षणाची जागा. परंतु मराठी बोलीत ‘शरण येणे’ म्हणजे हार पत्करणे. ‘आरोपी पोलिसांना शरण आला’ हे वाक्य आपण रोज वाचतो. ‘बंडखोर नेता शेजारच्या देशात शरण गेला’ असे लिहिले, तर तो निसटला की सापडला, हे वाचकाला कळणार नाही.

साक्षीपुरावा

मी येथे असहमत आहे. ‘शरण मागणे’ आणि ‘शरण जाणे’ यांत क्रियापदाने पुरेसा भेद होतो. शिवाय ‘आश्रय’ हा शब्दही निर्मळ नाही. ‘गुन्हेगारांना आश्रय दिला’ म्हणजे लपवले, असा त्याचा पोलिसी अर्थ रूढ आहे. आश्रय मागणाऱ्याविषयी आधीच संशय असतो, त्यात अशा शब्दाने भर पडते.

धातुरूप

आपला आक्षेप विचार करण्यासारखा आहे, तरी इतिहासलेखनाची साक्ष ‘आश्रया’च्या बाजूने आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा शहजादा अकबर १६८१ मध्ये दक्षिणेत संभाजी महाराजांकडे आला, पालीजवळ राहिला आणि १६८७ मध्ये इराणकडे निघून गेला. बादशहाशी वैर पत्करून त्याला ठेवून घेतले, हा राजकीय असायलमचा शुद्ध नमुना आहे. मराठी इतिहासकार तेथे ‘आश्रयाला आला’ असेच लिहितात आणि त्यात कोणाला गुन्हेगारीचा वास येत नाही.

इंग्रजीने एका नामात कोंडलेल्या दोन बाजू आपल्या परंपरेने वेगळ्या ठेवल्या आहेत, हेही पाहावे. बिभीषण रामाकडे येतो तेव्हा बिभीषण करतो ती शरणागती आणि राम देतो ते अभय. मागणाऱ्याचा शब्द निराळा, देणाऱ्याचा निराळा. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारातही ‘अभयपत्र’ आणि ‘कौल’ आहेत, म्हणजे ‘तुझ्या जिवाला आणि वित्ताला आमच्याकडून धक्का लागणार नाही’ असा लेखी शब्द. ‘अ’ आणि ‘भय’ यांचा हा समास रचनेनेही ‘आसिलॉन’च्या शेजारी बसतो. भेद एवढाच की ग्रीक शब्द पकडणाऱ्याचा हात नाकारतो आणि आपला शब्द पकडल्या जाणाऱ्याची भीती.

निवृत्त परिचारिका

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहत होती. माझे माहेर त्या भागातले आहे. आमच्याकडे कोणी त्यांना शरणार्थी म्हटले नाही की आश्रयार्थी. ‘पोलिश लोकांची छावणी’ एवढेच म्हणत. मात्र ‘निर्वासित’ हा शब्द त्यांच्याविषयी बोलताना मोठ्यांच्या तोंडी येत असे. तो शब्द हाकलले जाणे सांगतो, पुढे कोठे थारा मिळाला ते सांगत नाही.

बखरवाचक

वाद वाचून मी आता पुढीलप्रमाणे योजतो आहे. ‘इन्फर्म असायलम’ला नवे नाव न देता पुण्यात चालत आलेले ‘अनाथ पंगू गृह’ ठेवीन. ‘लुनॅटिक असायलम’ला काळानुसार ‘वेड्यांचे इस्पितळ’ आणि पहिल्या उल्लेखापाशी आजच्या ‘मनोरुग्णालया’ची टीप. माटुंग्याच्या संस्थेसाठी त्या काळचा ‘महारोगी’ हा शब्द फक्त मूळ अवतरणात आणि माझ्या वाक्यात ‘कुष्ठरुग्ण’. राजकीय अर्थाने ‘आश्रय’, मागणारा ‘आश्रयार्थी’, मान्यता मिळालेला ‘निर्वासित’. मंडळात वाचताना १४ वे कलम मी असे वाचेन : ‘छळापासून बचावासाठी अन्य देशांत आश्रय मागण्याचा आणि लाभलेला आश्रय उपभोगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.’

साक्षीपुरावा

‘लाभलेला’ हा शब्द मूळ कलमात नाही, पण तो घातल्याने दुरुस्तीमागचा हेतू अचूक उतरतो. तो तिरप्या ठशात ठेवा, म्हणजे भाषांतरकाराची भर आहे हे ऐकणाऱ्यांना सांगता येईल. ‘आश्रयार्थी’ला माझा विरोध नाही.

माडाची सावली

बखरवाचक, आमच्या ‘आझिलो’चे भाषांतर कोणी करायला सांगितले, तर ते करू नका. म्हापशात त्या नावाने पत्ता सापडतो.